जॉन न्यूटन : एका क्षमा पावलेल्या पाप्याचे चरित्र

गेल्या वर्षी पवित्र शास्त्राच्या तासाला प्रभु येशू ख्रिस्ताच्या मरणाचा वृत्तांत वाचून झाल्यावर वरच्या वर्गातील एका बुद्धिमान विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. ज्याने जे कर्म केले त्याचे फळ त्यानेच भोगावे, हा न्याय लहान मुलासही कळतो. मग पाप एकाने करावे आणि त्यासाठी दुःख दुसऱ्या निरपराध्याने सोसावे, यात न्याय तो कोठे राहिला, असे त्याचे म्हणणे होते. प्रश्नात उद्धटपणा नव्हता. जाणून घेण्याची खरी इच्छा होती. आम्ही त्या वेळी सुचले ते उत्तर दिले. परंतु घंटा होऊन मुले निघून गेल्यावर आमचे आम्हांसच ते उत्तर अपुरे वाटले, आणि पुढे कित्येक दिवस तो प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला.

या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती मंडळीने थोडाथोडका केलेला नाही. नव्या करारातच ख्रिस्ताच्या मरणास अनेक उपमा दिलेल्या आढळतात. कोठे ते मंदिरातील यज्ञाप्रमाणे पापाबद्दलचे अर्पण आहे, कोठे शत्रुत्व मिटवून घडवून आणलेला समेट आहे, तर कोठे गुलामास सोडविण्यासाठी भरलेली खंडणी आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने मनुष्यास कधीही न फेडता येणाऱ्या ऋणाच्या दृष्टीने या विषयाचा ऊहापोह केला. त्याच्या मागून पॅरिस येथे शिकविणाऱ्या आबेलार याने वधस्तंभावर प्रकट झालेल्या प्रीतीने मनुष्याचे अंतःकरण पालटते, या गोष्टीवर भर दिला. हे सर्व विवेचन मोलाचे आहे. तथापि काही सत्ये अशी असतात की ती सिद्धांतात दिसतात त्याहून एखाद्या मनुष्याच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून आमच्या त्या विद्यार्थ्यास, आणि तसाच प्रश्न मनात बाळगणाऱ्या सर्व वाचकांस, आम्ही येथे जॉन न्यूटन याचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत. गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधून काढणारा सर आयझॅक न्यूटन तो हा नव्हे. तो थोर शास्त्रज्ञ १७२७ साली वारला, तेव्हा आमचा हा जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता.

जॉन न्यूटनचा जन्म लंडन शहरात, टेम्स नदीच्या काठी, वॉपिंग नावाच्या खलाशांच्या वस्तीत १७२५ च्या जुलै महिन्यात झाला. बाप भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या व्यापारी जहाजावर कप्तान असल्यामुळे बहुधा घरी नसे. आई प्रकृतीने नाजूक व वृत्तीने धार्मिक होती. तिने मुलास अगदी लहानपणीच वाचावयास शिकविले, पवित्र शास्त्रातील उतारे व मुलांची गीते त्याजकडून पाठ करवून घेतली, आणि हा पुढे धर्मोपदेशक व्हावा अशी आशा मनी धरली. परंतु जॉनला सात वर्षे पुरी होण्यापूर्वीच क्षयाच्या विकाराने ती वारली. बापाने दुसरा विवाह केला. मुलाची दोनेक वर्षे एका वसतिगृहाच्या शाळेत कशीबशी गेली, आणि अकरा वर्षांचा होताच बापाने त्यास आपल्याबरोबर समुद्रावर नेले. शाळेचा आणि त्याचा संबंध तेथेच संपला.

पुढील काही वर्षांत आईने पेरलेले बी जणू करपून गेले. जॉन कधी उपवास व प्रार्थना करी, कधी सर्व सोडून देऊन मनास येईल तसा वागे. १७४४ साली, इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असता, सक्तीची भरती करणाऱ्या टोळीने त्यास पकडून ‘हार्विच’ नावाच्या लढाऊ जहाजावर नेले. तेथे नास्तिक विचारांच्या एका सोबत्याच्या नादी लागून त्याने देवावरचा उरलासुरला विश्वासही टाकला, आणि तेवढ्यावर न थांबता दुसऱ्यांचा विश्वास मोडण्यात त्यास आनंद वाटू लागला. एकदा किनाऱ्यावर पाठविले असता तो पळाला. पकडून आणल्यावर सर्व खलाशांसमोर त्यास फटके मारण्यात आले आणि त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला. त्या अपमानाने तो इतका संतप्त झाला की कप्तानास ठार मारावे किंवा आपण समुद्रात उडी घ्यावी, असे विचार त्याच्या मनात येत. या काळात त्यास आत्मनाशापासून एकच गोष्ट आवरी. केंट परगण्यातील मेरी कॅटलेट नावाच्या मुलीवर त्याचे निस्सीम प्रेम जडले होते, आणि तिच्या मनात आपल्याविषयी वाईट ग्रह राहू नये असे त्यास वाटे.

मदीरा बेटाजवळ त्याची बदली आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर झाली. हे जहाज गुलामांच्या व्यापारात गुंतलेले होते. पश्चिम आफ्रिकेत, आज ज्यास सिएरा लिओन म्हणतात त्या किनाऱ्यालगतच्या प्लँटेन बेटांवर, तो एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या नोकरीस राहिला. धनवान होऊन परतावे हा त्याचा बेत. पण घडले उलटेच. तो तापाने पडला. मालक प्रवासास गेला असता मालकाच्या घरातील आफ्रिकन स्त्रीने त्याचा अतोनात छळ केला. पाणी मागितले तरी वेळेवर मिळेना, आणि तिच्या ताटातले उष्टे हेच त्याचे अन्न झाले. पुढे मालकासही त्याच्याविषयी चोरीचा खोटा संशय आला, आणि मग पाऊसवाऱ्यात उघड्यावर राहून, अंगावर एकच सदरा व विजार अशा स्थितीत, हा इंग्रज तरुण गुलामाचा गुलाम होऊन बसला. इतक्या हीन दशेतही त्याजजवळ युक्लिडच्या भूमितीचे एक पुस्तक होते. समुद्रकाठी एकान्तात जाऊन तो काठीने वाळूत आकृत्या काढी आणि आपले दुःख घटकाभर विसरे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस भूमिती हेच दुःख वाटते त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण या काळातील एक गोष्ट आम्हांस त्याहून फार महत्त्वाची वाटते. जहाजाची वाट पाहत साखळदंडात बांधून ठेवलेले काही आफ्रिकन गुलाम तेथे होते. त्यांस मिळणारे अन्न ते किती असणार! परंतु या गोऱ्या तरुणाची उपासमार पाहून त्यांनी आपल्या तुटपुंज्या अन्नातून त्यास चोरून घास दिला. कोणी पाहिले असते तर त्यांस शिक्षा झाली असती. न्यूटनने पुढे स्वतःच्या आत्मवृत्तात ही हकीकत लिहून ठेविली आहे. वाचकांनी तिची आठवण ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच बेटावर मालकाने त्यास लिंबाची रोपे लावावयास सांगितली होती. ही झाडे फळास येतील तोवर तू कप्तान होऊन परत येशील व ही फळे खाशील, अशी मालकाने त्याची थट्टा केली. ती थट्टा अक्षरशः खरी ठरावयाची होती, आणि ज्या रीतीने ती खरी ठरली ती रीत मोठी खेदकारक होती.

मालक बदलल्यावर त्याची स्थिती थोडी सुधारली, आणि पुढे बापाच्या विनंतीवरून त्याचा शोध करीत आलेल्या ‘ग्रेहाऊंड’ नावाच्या जहाजाने त्यास उचलून घेतले. या जहाजावर सोने, हस्तिदंत, रंगाचे लाकूड व मधमाशांचे मेण असा माल होता. परतीच्या प्रवासात २१ मार्च १७४८ च्या रात्री उत्तर अटलांटिक महासागरात भयंकर वादळ झाले. झोपेत असता पाणी खोलीत शिरले आणि जहाज बुडत असल्याची आरोळी ऐकू आली. न्यूटन शिडीवरून वर निघाला, तोच कप्तानाने त्यास सुरी आणावयास सांगितले. तो मागे वळला, आणि त्याच्या जागी जो दुसरा मनुष्य वर गेला त्यास लाटेने तत्क्षणी वाहून नेले. जहाजाची एक बाजू फुटली होती. पहाटेपासून दुपारपर्यंत न्यूटन पंप मारीत होता, आणि पुढे मध्यरात्रीपर्यंत तो सुकाणू धरून उभा होता. मेण व लाकूड हलके म्हणूनच ते जहाज तरंगत राहिले.

त्या धांदलीत, आता परमेश्वरच दया करो अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निघून गेले, आणि त्यांचे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. देव असेल तर त्याने मजवर दया का करावी, असा विचार लागलीच त्याच्या मनात आला. सुकाणूपाशी उभा असता त्यास आपले सारे आयुष्य आठवले, आणि आपल्यासारख्या निंदकास क्षमा असणे शक्य नाही असे वाटू लागले. पुढे मोडके जहाज, खारवलेल्या माशाचे अर्धपोटी अन्न आणि फाटकी शिडे अशा स्थितीत सुमारे चार आठवडे गेले. त्या दिवसांत त्याने नवा करार उघडला. उधळ्या पुत्राचा दृष्टांत त्याने वाचला, आणि नीतिमान देव व पापी मनुष्य यांच्यामध्ये कोणी तरी उभे राहिल्यावाचून आपली धडगत नाही, हे त्यास उमगू लागले. शेवटचे अन्न भांड्यात शिजत असता ते जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरील लॉख स्विली येथे बंदरास लागले. यानंतर जन्मभर न्यूटनने २१ मार्च हा दिवस उपकारस्मरणाचा म्हणून पाळला.

येथे अशी चरित्रे बहुधा संपविण्यात येतात. वादळ झाले, पापी वळला, आणि पुढे सर्व आयुष्य पवित्र झाले, असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्यास बरे वाटते. परंतु सत्य तसे नाही, आणि जे तसे नाही ते तसे सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही. न्यूटननेच पुढे लिहिले आहे की, त्या वेळी आपण पूर्ण अर्थाने विश्वासी झालो होतो असे आपणांस म्हणवत नाही. शिव्याशाप त्याने सोडले; पण त्याच वर्षी तो एका गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून पुन्हा आफ्रिकेस गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याचे मन पूर्वस्थितीवर आले. मग त्याच प्लँटेन बेटांवर त्यास जबर ताप आला. तापात अर्धवट भ्रम झालेला असा तो बेटाच्या एका निर्जन भागी कसाबसा सरपटत गेला आणि तेथे एकटाच देवापुढे पडला. या वेळी त्याने नवे निश्चय केले नाहीत. आपल्या निश्चयांची किंमत त्यास कळून चुकली होती. वधस्तंभी खिळलेल्या तारणाऱ्यावर आपला भार टाकून तो स्वस्थ राहिला. त्याच्या मनास खरी शांती प्रथम तेथे मिळाली.

१७५० च्या फेब्रुवारीत मेरी कॅटलेट हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी तो कप्तान झाला, आणि १७५४ पर्यंत त्याने गुलामांच्या व्यापाराच्या तीन सफरी केल्या. कापड, बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी देऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यावयाची, ती अटलांटिकपलीकडील वेस्ट इंडीज बेटांत विकावयाची, आणि तेथील साखर घेऊन इंग्लंडास यावयाचे, असा हा क्रम असे. या काळात कप्तान न्यूटन रविवारी दोनदा खलाशांस जमवून उपासना चालवी. वर उपासना चाले, आणि खालच्या कोठारात साखळ्यांनी जोडलेली माणसे असत. बंडाचा संशय आला असता त्याने काही मुलांचे अंगठे आवळण्याच्या लोखंडी यंत्रात घालून कबुलीजबाब घेतल्याचे त्याच्याच रोजनिशीवरून दिसते. लिंबाच्या झाडांची भविष्यवाणीही खरी झाली. ज्या बेटावर गुलामांनी आपल्या तोंडचा घास त्यास दिला होता, तेथे तो कप्तान होऊन आला. परंतु गुलाम विकत घेणारा कप्तान होऊन आला. आणि याचे त्यास काहीच वाटले नाही. हा धंदा अयोग्य आहे अशी शंकाही तेव्हा आपल्या मनास शिवली नाही, असे त्याने स्वतः सांगितले आहे. आजूबाजूचे देवळात जाणारे सभ्य लोकही त्यास प्रतिष्ठित व्यवसाय समजत असत.

वाचक विचारतील, मग त्याचा ख्रिस्तावरील विश्वास खोटा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. परंतु मनुष्य स्वतःचे पाप एकदम पाहू शकत नाही. न्यूटनने प्रथम आपल्या जिभेचे पाप पाहिले, मग गर्वाचे पाहिले. हाताचे पाप, जे सर्वांत घोर होते, ते पाहण्यास त्यास अजून पुष्कळ वर्षे लागावयाची होती. हा दोष त्याचा खराच, आणि तो आम्ही झाकू इच्छीत नाही; कारण त्या विलंबाची किंमत दुसऱ्यांनी आपल्या देहाने दिली.

१७५४ च्या नोव्हेंबरात, चौथ्या सफरीस निघण्याच्या दोन दिवस आधी, पत्नीजवळ चहा घेत बसला असता न्यूटनला एकाएकी झटका येऊन तो बेशुद्ध पडला. वैद्यांच्या सल्ल्याने त्याने समुद्र सोडला. पुढच्या वर्षी लिव्हरपूल बंदरात जकात खात्यात त्यास जागा मिळाली. तेथे फावल्या वेळात त्याने ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. आईची जुनी इच्छा आता त्याची स्वतःची झाली होती. पण कॉलेजचे शिक्षण नसलेल्या खलाशास दीक्षा देण्यास चर्चचे अधिकारी राजी होईनात. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १७६४ साली दीक्षा होऊन न्यूटन बकिंगहॅम परगण्यातील ओल्नी गावी पाळक झाले.

ओल्नी हे हाताने लेस विणून पोट भरणाऱ्या गरिबांचे गाव. न्यूटन खलाशाचा जुना कोट घालून गावात फिरत, मुलांचे वर्ग चालवीत, आणि ज्यास कोणी जवळ करीत नसे त्याच्या घरी जाऊन बसत. येथेच कवी विल्यम कूपर यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. ख्रिस्ताच्या रक्ताने पाप धुतले जाते यावर ज्याने इंग्रजी भाषेतील एक सर्वश्रुत गीत लिहिले, तोच हा कवी मानसिक विकारामुळे देवाने आपला त्याग केला आहे असे मानू लागला आणि जीव देण्यास प्रवृत्त झाला. न्यूटन यांनी त्यास वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून सांभाळले. जो स्वतः एकदा सुकाणूपाशी उभा राहून, मला क्षमा नाही असे म्हणत होता, त्याने मित्राच्या निराशेस उपदेशाने फटकारले नाही; तो त्याच्याजवळ बसून राहिला.

या दोघांची गीते ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात १७७९ साली छापली गेली. त्यांपैकी सुमारे २८० न्यूटन यांची आहेत. देवाच्या अद्भुत कृपेविषयीचे त्यांचे जगप्रसिद्ध गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिलेले होते. परंतु आमच्या विषयास अधिक जवळचे असे दुसरे एक गीत त्यात आहे. त्यात एक पापी वधस्तंभाकडे पाहतो. खिळलेल्या ख्रिस्ताची दृष्टी त्याजवर पडते, आणि ख्रिस्त काही बोलत नसताही त्या दृष्टीत आरोप आहे असे त्यास वाटते. याच्या मरणास मी कारण आहे, ही जाणीव होऊन तो निराश होतो. मग दुसऱ्यांदा तीच दृष्टी त्याजकडे वळते. या वेळी तिच्यात क्षमा असते, आणि ज्या मरणाने त्याचे पाप उघडे केले त्याच मरणाने ते दूर केले, असे त्यास समजते. वधस्तंभाचे हे दुहेरी कार्य आहे. तो मनुष्यास दोषी ठरवितो आणि तोच त्यास सोडवितो. यांपैकी एकच गोष्ट घेतली तर हाती खोटे तरी येते किंवा निराशा तरी येते.

१७८० साली न्यूटन लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ या चर्चचे पाळक झाले. १७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स नावाचा पार्लमेंटचा तरुण सभासद चोरून त्यांच्या भेटीस आला. त्याच्या मनात धर्मजागृती झाली होती, आणि राजकारण सोडावे की काय अशा पेचात तो होता. न्यूटन यांनी त्यास पार्लमेंटातच राहून देवाची व लोकांची सेवा करण्याचा सल्ला दिला. दोन वर्षांनी याच विल्बरफोर्सने गुलामांचा व्यापार बंद करविण्याचे कार्य अंगावर घेतले. याच सुमारास न्यूटन यांची वाणी उघडली.

१७८८ साली, म्हणजे समुद्र सोडल्यापासून चौतीस वर्षांनी, त्यांनी आफ्रिकन गुलामांच्या व्यापाराविषयी आपले विचार एका छोट्या पुस्तकात छापले. ज्या धंद्याच्या आठवणीने आता आपले अंतःकरण थरकापते त्यात आपण एकदा भाग घेतला, आणि ही कबुली फार उशिरा येत आहे, असे त्यांनी आरंभीच लिहिले. त्यांनी ऐकीव गोष्टींवर भर दिला नाही. डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. पाच फूट उंचीच्या कोठारात मध्ये फळ्या घालून, कपाटातील पुस्तकांसारखी माणसे एकास एक लागून कशी निजविली जातात. दोघांदोघांस एका बेडीत अडकविल्याने कुशीवर वळणेही कसे कठीण होते. पहाटे जिवंत मनुष्य मेलेल्यास जखडलेला कसा आढळतो, हे त्यांनी लिहिले. रडणाऱ्या तान्ह्या मुलास आईच्या हातून हिसकावून समुद्रात फेकणाऱ्या एका अधिकाऱ्याची हकीकतही त्यांनी झाकून ठेविली नाही. या पुस्तकाच्या प्रती पार्लमेंटच्या सभासदांस पाठविण्यात आल्या. पुढे प्रिव्ही कौन्सिलच्या चौकशीपुढे आणि १७९० साली कॉमन्स सभेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. लंडनमधील एक सन्मान्य, वृद्ध धर्मोपदेशक अधिकाऱ्यांपुढे उभा राहून, हे सर्व मी केले आहे, असे सांगत होता. गप्प राहिले असते तर त्यांस कोणी विचारले नसते.

येथे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे आपण वळू. आपले कर्म आपणच भोगावे हा न्याय न्यूटन यांस लावून पाहावा. ज्या माणसांस त्यांनी विकले ती अँटिग्वा, सेंट किट्स इत्यादि बेटांतील उसाच्या मळ्यांत केव्हाच विखुरली होती. पुष्कळ मरून गेली होती. त्यांतील एकासही ते परत आणू शकत नव्हते. उरलेले सारे आयुष्य पुण्यकर्मात घातले तरी ते ऋण फिटणारे नव्हते. अशा मनुष्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, आपण फारसे काही केलेच नाही असे मानणे. पहिली कित्येक वर्षे ते नकळत हेच करीत होते. दुसरा, निराशेत बुडून जाणे. वधस्तंभाने त्यांस तिसरा मार्ग दाखविला.

क्षमा ही फुकटची वस्तू नव्हे. सावकाराने कर्ज सोडले म्हणजे ते कर्ज हवेत विरून जात नाही. तितका तोटा त्या सावकाराने आपल्या अंगावर घेतलेला असतो. देवाने मनुष्यास क्षमा करावयाची तर त्या पापाचा भार कोणी उचलावा? ख्रिस्ती धर्म असे सांगतो की, तो देवाने स्वतः उचलला. ख्रिस्त हा कोणी तिऱ्हाईत निरपराधी धरून आणून देवाने त्यास आमच्याऐवजी शिक्षा केली असे असते, तर आमच्या विद्यार्थ्याचा आक्षेप बिनतोड ठरता. परंतु आमच्या श्रद्धेप्रमाणे ख्रिस्ताच्या ठायी देवच होता, आणि ख्रिस्ताने आपला प्राण आपण होऊन दिला. ज्याचा अपराध झाला त्यानेच अपराधाचे दुःख सोसले. म्हणून नव्या करारात यास खंडणी म्हटले आहे. बंदिवानांस व गुलामांस सोडविण्यासाठी जे मोल द्यावे लागे तोच हा शब्द. ज्याने कापड व कांबी देऊन माणसे विकत घेतली, त्यास आपण स्वतः कोणत्या मोलाने सोडविले गेलो हे समजले, तेव्हा माणसाची किंमत काय असते हेही त्यास हळूहळू समजले.

आणि ही क्षमा आहे म्हणूनच मनुष्यास सत्य बोलण्याचे धैर्य येते. जो आपल्या चांगुलपणावर उभा आहे तो आपले पाप कबूल करू शकत नाही, कारण कबुली दिली की त्याच्या पायाखालची जमीनच जाते. न्यूटन दुसऱ्याच्या चांगुलपणावर उभे होते. म्हणून १७८८ साली त्यांस सर्व काही सांगता आले.

येथे आम्हांस आमचीच एक लहानशी गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी वर्गात शाई सांडली असता आम्ही घाईने एका गरीब मुलास दोषी ठरवून छड्या मारल्या. दुसऱ्याच दिवशी तो निर्दोष असल्याचे आम्हांस कळले. परंतु शिक्षकाचा मान जाईल या भीतीने आम्ही गप्प बसलो. तो मुलगा मात्र नित्याप्रमाणे आमच्या वह्या उचलून शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवीत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याच्या त्या सौम्यपणाने आम्हांस प्रथम लाज आणली आणि मग बोलण्याचे बळ दिले. पंधरा दिवसांनी आम्ही सर्व वर्गापुढे त्याची क्षमा मागितली. गोष्ट क्षुल्लक आहे. पण साखळदंडातील गुलामांनी दिलेल्या त्या घासाची हकीकत वाचताना आम्हांस दर वेळी तो मुलगा आठवतो.

न्यूटन यांच्या अखेरच्या दिवसांचा वृत्तांत थोडा आहे. १७९० च्या डिसेंबरात त्यांची पत्नी वारली. त्यांच्या सहवासात अनेक तरुण घडले. त्यांपैकी क्लॉडियस ब्यूकॅनन हे पुढे हिंदुस्थानात कंपनी सरकारचे धर्मगुरू होऊन आले. त्यांच्या लेखांनी विलायतेत जे लोकमत तयार झाले त्याचा १८१३ च्या सनदेत मिशनरी कार्यास वाट करून देण्यास पुष्कळ उपयोग झाला. म्हणजे आमच्यासारख्या शाळांशीही त्या वृद्ध खलाशाचा दूरचा संबंध पोहोचतो.

दृष्टी गेली, ऐकू येईनासे झाले, तरी न्यूटन उपदेश करीतच राहिले. स्मरणशक्ती जवळजवळ नाहीशी झाली असता, आपण मोठे पापी आहोत आणि ख्रिस्त मोठा तारणारा आहे या दोन गोष्टी आपणांस अजून आठवतात, असे त्यांनी भेटीस आलेल्या एका स्नेह्यास सांगितले. २५ मार्च १८०७ रोजी ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला. ते ऐकण्यास न्यूटन जिवंत होते. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांस देवाज्ञा झाली. आपल्या स्मृतिशिलेवर काय लिहावे हे त्यांनी स्वतःच ठरवून ठेविले होते. आपण एके काळी नास्तिक व दुराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, आणि ख्रिस्ताच्या दयेने क्षमा पावून, ज्या विश्वासाचा नाश करण्यास झटलो त्याचाच उपदेश करावयास नेमले गेलो, असा त्या लेखाचा आशय आहे. त्यांच्या अस्थी १८९३ साली ओल्नी येथे नेऊन पुरण्यात आल्या.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने हा लेख लिहविला तो आता शाळा सोडून गेला आहे. हा अंक त्याच्या हाती पडल्यास, त्या दिवशी घंटा झाल्यामुळे अपुरे राहिलेले आमचे उत्तर त्याने हेच समजावे. ते त्यास पटलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. परंतु स्वतःच्या हातून घडलेले, आणि परत न फिरविता येणारे असे काही त्यास कधी काळी दिसले, तर त्या वेळी त्याने न्यूटन यांची आठवण करावी आणि वधस्तंभाकडे एकदा पाहून थांबू नये, दुसऱ्यांदाही पाहावे.